भिंत पाडायच्या आधी

वडनेर भोलजी

आई,

समोर बसून बोलायची हिंमत नाही, म्हणून लिहिते आहे. मला तिसरा महिना संपत आला आहे. तुमच्या आल्हादलाही सांगितलेलं नाही. तो आधी तुम्हालाच सांगेल आणि तुम्ही घराचं काम थांबवाल.

मागच्या वेळी पाचव्या महिन्यात मूल गेलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "सून पोटुशी असतानी कूलरसाठी भिंतीले भोक पाडलं, म्हणून असं झालं." पण आई, मी पडले होते मागच्या अंगणातल्या चिखलात, संडासला जाताना. म्हणून यंदा घरात संडास होईपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं ठरवलं.

आज मिस्त्रींनी मधली भिंत पाडली. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरी प्रत्येक घावाला माझा हात पोटावर जात होता आणि मी तो ओढणीखाली लपवत होते. तुम्ही सकाळपासून देवासमोर बसलेल्या होतात.

दुपारी मिस्त्रींनी तुम्हाला विचारलं, "संडासात साधं भांडं बसवू का कमोड?"

"कमोडच बसव. आता खाली बसनं जमनार नाही."

"काऊन, गुडघे दुखते काय?"

"दुखते समज."

कालच तुम्ही तासभर उकिडव्या बसून तुरीच्या शेंगा सोलल्या.

आता हा कागद तुम्हाला द्यायची गरज नाही. उद्या दुसरी भिंत पाडायची आहे. पहिला घाव पडायच्या आधी मी देवासमोर तुमच्या शेजारी येऊन बसेन.

तुमची सून,
इरा