डावऱ्याची लेझीम

गुरुजी,

तुम्ही गेलात तेव्हा मी पुण्यात नोकरीला होतो. गावाकडून निरोप आला, मी हातातलं काम थांबवून डोळे मिटले आणि मनातल्या मनात तुम्हाला नमस्कार केला. त्या नमस्काराचा आज मला राग येतो. तेव्हा बोलायला हवं होतं ते बोललो नाही आणि आता ऐकायला तुम्ही नाही. म्हणून लिहितो आहे. उजव्या हातानंच लिहितो आहे, कारण डाव्यानं लिहायचं माझं तुम्ही कायमचं मोडून टाकलंत.

पहिलीतली गोष्ट तुमच्या लक्षातही राहिली नसेल. मी पाटीवर डाव्या हातानं ‘ग’ काढत होतो. तुम्ही मागून आलात, कोपऱ्यातल्या पोत्याची सुतळी काढलीत आणि माझा डावा हात पाठीशी बांधलात. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत रोज प्रार्थना झाली की मी तुमच्यासमोर जाऊन पाठ करून उभा राहायचो आणि तुम्ही बांधायचात. जमिनीवर पसरलेली खिचडी जशी गोळा करावी तसं मी उजव्या हातानं अक्षर गोळा केलं. चौथीत माझं अक्षर तालुक्यात पहिलं आलं, तेव्हा तुम्ही मला शाईचं पेन दिलंत आणि पाहुण्यांना म्हणालात, “हे बघा अक्षर. डावरं होतं हे पोरगं. मी घडवलं.” सगळे हसले, मीही हसलो. ते पेन अजून माझ्याकडे आहे. फेकवत नाही, आणि जवळ ठेवल्याचाही राग येतो.

पण खरा राग त्या चैत्रातल्या जत्रेचा. सातवीत होतो. देवीच्या छबिन्यापुढे शाळेची लेझीम होती आणि दोन महिने आम्ही मैदानावर चार आवाज घोटत होतो, एक खाली, एक कमरेशी, एक खांद्याशी, एक वर. मी बरोबर धरत होतो, सगळे धरतात तशी. त्या दिवशी हलगी वाढली, गुलाल उडाला, पालखी वळणावर आली आणि देवीचा मुखवटा समोर दिसला. मला भान राहिलं नाही. हातांनी आपणहून दांडा आणि साखळी यांची अदलाबदल केली. माझी लेझीम सगळ्या रांगेच्या उलट झाली, आणि गुरुजी, शपथेवर सांगतो, तेवढी सुंदर मी आयुष्यात कधी खेळलो नाही. तुम्ही शिट्टी फुंकलीत. दंडाला धरून मला ओढलंत. “ए डावऱ्या, हो लायनीभाईर. देवी बघतीया. देवाच्या दारात डावा हात चालत न्हाई.” आई समोरच ओटीचं ताट घेऊन उभी होती. ती खाली बघायला लागली. मी भेळेच्या गाड्याशेजारी लेझीम पोटाशी धरून उभा राहिलो, वाजू नये म्हणून. त्याच पावसाळ्यात आई आजारी पडली. ती बरी होईपर्यंत मी रोज देवळाच्या पायरीवर बसून देवीला सांगत होतो की पुन्हा असं करणार नाही. बारा वर्षांच्या मुलाला वाटत होतं की त्याच्या हातामुळे देवीनं आईला धरलं. हे तुम्ही केलंत. मी आजही रोज सकाळी दिवा लावतो, तुम्ही शिकवलेलं स्तोत्र म्हणतो, आणि काडी ओढताना अजून एकदा हाताकडे बघून घेतो.

मी आता आयर्लंडच्या दक्षिणेला राहतो. गाव जुनं आहे, दगडी वेस आहे, तटाचा अर्धा भाग पडलेला आणि त्याच्या सावलीत लोकांच्या गाड्या लावलेल्या. औषधाच्या कारखान्यामुळे आठ-दहा मराठी घरं इथे आली. मार्च उजाडला की हे गाव अंग झटकून उठतं. संत पॅट्रिकच्या दिवसाची परेड, वेशीजवळ रोपांचा बाजार, चर्चच्या हॉलमध्ये मुलांचे नाच, जुन्या तटावरून इतिहास सांगत फिरणारे म्हातारे. त्या परेडमध्ये आमची लेझीम असावी, असं मीच समितीला सुचवलं. सहा लेझमी पुण्याहून बॅगेतून आल्या. बाकीच्या मी शेडमध्ये बनवल्या, हर्लिंग या इथल्या हॉकीसारख्या खेळातल्या मोडक्या काठ्यांच्या मुठी कापून. अ‍ॅश झाडाचं फिकट, चिवट लाकूड असतं ते. तुम्हालाही आवडलं असतं.

रविवारी हॉलमध्ये सराव व्हायचा. माझी मुलगी तेव्हा तेरा वर्षांची. मराठी सगळं समजतं, बोलते इंग्रजीत, तेही इथल्या लोकांसारखं शेवटी ‘लाइक’ लावून. ती डावरी आहे. पहिल्या दिवशीच तिनं लेझीम उलटी धरली आणि मी ती तिच्या हातात फिरवून दिली. तिनं पुन्हा उलटी केली. “बाबा, इट्स द सेम साउंड, लाइक.” आवाज तोच येतो, हे तिचं म्हणणं खरं होतं. मी पुन्हा फिरवली. समितीतल्या एक सत्तरीच्या बाई दाराशी चहाचा कप घेऊन बघत उभ्या असायच्या. त्या हसून म्हणाल्या, “अरे वा, आमच्या गावाला एक किटोग मिळाली.” डावऱ्या माणसाला इकडचा हा जुना शब्द. मग त्यांनी सांगितलं की त्यांच्या वडिलांना शाळेत मास्तर हाताच्या पेरांवर पट्टी मारायचे, म्हातारपणीही त्यांना डाव्या हातात कप धरताना कोणी बघतंय का असं वाटायचं. मी मान हलवली. म्हणजे तुम्ही इथेही होतात.

दोन हजार वीसच्या मार्चमधला तो शेवटचा सराव. कारखान्यात साथीच्या बातम्यांनी सगळे धास्तावलेले, मी दमलेलो, परेड तोंडावर आलेली. रांग वळताना मुलीची लेझीम शेजारणीच्या लेझमीत अडकली आणि दोघी हसायला लागल्या. मी शिट्टी फुंकली. तिच्या दंडाला धरलं. “लाइनीबाहेर हो,” मी म्हणालो. “नीट धरता येत नाही तर उभी राहा तिकडे.” ती खुर्च्यांच्या थप्पीपाशी जाऊन उभी राहिली. लेझीम तिनं पोटाशी धरली होती, वाजू नये म्हणून. ते तिला कोणी शिकवलं नव्हतं, गुरुजी. दोन दिवसांनी परेड रद्द झाली. हॉलला कुलूप लागलं, आणि तिला परत रांगेत घ्यायची संधीही त्या कुलपामागे राहिली.

पुढच्या वसंतातही परेड नव्हती. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी होती. समितीनं कळवलं, सगळ्यांनी घरीच चित्रीकरण करून पाठवा, आम्ही जोडून गावाची फिल्म बनवू. आमच्या सगळ्या घरांतून चार आवाजांचे व्हिडिओ आले. माझ्या घरातून येणार की नाही, हे मला माहीत नव्हतं. वर्षभर तिनं लेझमीला हात लावला नव्हता आणि मीही विचारायला धजलो नव्हतो. एका शनिवारी तिनं न सांगता स्वतःच्या फोनवर व्हिडिओ करून मला पाठवला. मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या पाहिला. ठेका अचूक, कमरेतला वाक अचूक, आणि लेझीम सगळ्या रांगेसारखी. मला इतका आनंद झाला की मी बायकोला हाक मारली. “बघ, शिकली की नाही? शेवटी सरळ धरली.”

मुलगी फ्रिजपाशी उभी होती. “बाबा, इट्स मिरर्ड,” ती म्हणाली. मला कळेना. तिनं माझ्या हातातला फोन घेतला आणि पडद्यावरच्या तिच्या खेळाच्या जर्सीवर बोट ठेवलं. जर्सीवरची अक्षरं सगळी उलटी होती. फोननं तिला आरशासारखं दाखवलं होतं. ती खेळली होती डाव्याच हातानं. मग तिनं मराठीत विचारलं, एकही इंग्रजी शब्द न घालता, “तुला असंच हवं होतं ना, बाबा?”

तो व्हिडिओ सरळ करायला एक बटण पुरलं असतं. मी ते दाबलं नाही. उलटाच पाठवला. फिल्ममध्ये आमचे चौकोन एका ओळीत छान दिसले, सगळे एकसारखे. संध्याकाळी त्या समितीतल्या बाईंचा फोन आला. फार सुंदर झालं म्हणाल्या, आणि मग विचारलं, “पण आमची किटोग कुठे गेली?” मी म्हणालो, “तिनं ती सवय सोडली.” मग त्या म्हणाल्या, “आह. वाईट वाटलं हो.” मी वळलो तर मुलगी जिन्यावर बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. उठून वर गेली, दारही आपटलं नाही. आपटायला हवं होतं.

तुम्ही मला घडवलं असं म्हणायचात. बघा, घडवलंत. तुमच्या शिट्टीपासून तुमच्या बढाईपर्यंत सगळं माझ्यात उतरलं. देवीला मी आता विचारतो की त्या दिवशी तू खरंच रागावली होतीस का. तिनं काय बघितलं ते तिलाच ठाऊक. पण ती रागावली होती हे मला तिनं सांगितलं नव्हतं, तुम्ही सांगितलंत.

हे पत्र तुमच्या पेनाबरोबर खणात जाईल. एक गोष्ट मात्र सांगून ठेवतो. पाडव्यापासून मी रोज दुपारी शेडमध्ये जाऊन डाव्या हातानं लेझीम खेळतो. चारही आवाज नीट येतात, हात काही विसरले नाहीत. मुलीला अजून माहीत नाही की तिचा बाप डावरा आहे. मी शेडची कडी आतून लावून घेतो.