हरणांसाठी राखलेलं रान

१ डिसेंबर, सोमवार
पृथ्वीराजला स्पष्ट सांगितलं. मोडनिंबचं रान सोलर कंपनीला भाड्याने जाणार नाही. त्या शिवारात हरणं फिरतात, ती आपल्या रानात राहतील. रानावर दोघांची नावं, त्यामुळे माझ्या सहीशिवाय त्याचं काही चालत नाही. म्हणाला, आत्या, एकवीसला रविवारी कंपनीचे लोक येतायत. तोवर एक तरी हरीण आपल्या रानात दाखव, मी त्यांना परत पाठवतो. नाहीतर मुकाट्याने सही कर. कबूल केलं. मी बी.एस्सी. बॉटनी आहे.

३ डिसेंबर
शहरातलं सात रस्त्याचं घर बंद करून रानातल्या खोलीत मुक्काम. हरणांना प्यायला पाण्याची टाकी भरून घेतली. गवत कापायचं नाही. हरणांना शांतता लागते. मोबाइल सायलेंट.

६ डिसेंबर, सकाळी
टाकीभोवती खुरांचे ठसे. पृथ्वीराजला फोटो पाठवला. खाली लिहिलं : कळप.

संध्याकाळी
कळप जवळच्या वस्तीवरच्या केराबाईच्या शेळ्यांचा. म्हणाली, माझीच शेरडं ती, तुमचं पाणी लई गोड हाय की बाई. निम्मं गवतही गेलं. कडक समज दिली. तिने ऐकून घेतलं. शेळ्यांनी नाही.

८ डिसेंबर
शेजारच्या चन्नवीरने हरभऱ्याभोवती जुन्या साड्या बांधल्यात. का, विचारलं. म्हणाला, साडी फडफडली की जनावर फिरकत न्हाई. शेळ्या रोखायला नेमकं हेच हवं होतं. शिवाय काटेरी तार हरणांना लागेल, साडी लागणार नाही. निरीक्षण म्हणतात ते हे.

१० डिसेंबर
रानाभोवती बांधायला माझ्या साड्या पुरेनात. चन्नवीरच्या मागितल्या. आन् माझा हरभरा? म्हणाला. म्हटलं, हरणं माझ्याकडे रमली की तुझ्या हरभऱ्याकडे बघणारसुद्धा नाहीत. जबाबदारी माझी. तो घुटमळला. त्याची बायको दाक्षायणी म्हणाली, बाई शिकलेल्या हायत, द्या की.

१५ डिसेंबर
एकही शेळी नाही. पद्धत अचूक. हरीणही नाही, पण जंगली प्राण्याला घाई चालत नाही. पृथ्वीराजचा मेसेज : कळप कुठंय? उत्तर दिलं नाही. मोबाइल सायलेंट आहे.

१९ डिसेंबर
झोप नाही. गाठी पुन्हा आवळल्या. ओढ्याकडे एक फट राहिली होती, ती बुजवली. हरणं न येण्याचं आता काही कारणच उरलेलं नाही.

२१ डिसेंबर, रविवार
आली. एक काळवीट, बाकी माद्या. चन्नवीरच्या हरभऱ्यात.
तो सकाळीच दारात. जनावर शिरलंय म्हणाला. कुठलं जनावर, विचारलं. म्हणाला, हरणंच की बाई, दुसरं कुठलं? साड्या कशाला बांधत्यात मग? जबाबदारी तुमची, म्हणाला, आणि पत्र्याचा डबा हातात दिला.
बांधावरून धावत डबा बडवला. हरणं माझ्या साड्यांपाशी येऊन थबकायची, आणि पुन्हा हरभऱ्यात.
तेवढ्यात पृथ्वीराज कंपनीच्या लोकांना घेऊन आला. गाडीतून उतरत म्हणाला, आत्या, आली की हरणं. हाकलतेस कशाला?
अट आपल्या रानातल्या हरणाची होती. डबा काखेत धरून सही केली. मग परत हरभऱ्यात गेले.