टबातला चिखल

२ मार्च
पाणथळीची तब्येत तपासायचं काम अखेर माझ्याकडे आलं. तळं तीन वर्षं कोरडं आहे. ते मेलंय असं ठरलं, तर भराव टाकून तिथे गोदामं बांधणार. मी असताना हे होणं शक्य नाही. तळाच्या चिखलात कोळंबीसारख्या बारीक जिवांची अंडी वर्षानुवर्षं पडून असतात. पाणी मिळालं की फुटतात. पोतंभर सुका चिखल आणला. लॅबला कुलूप, किल्लीवाला रजेवर. म्हणून प्रयोग घरीच, बाथरूममधल्या टबात.

३ मार्च, सकाळी
टबात चिखल, वर नळाचं पाणी. सहकारी बाईंचा फोन. म्हणाल्या, नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, आधी दिवसभर उघडं ठेवा. हे ट्रेनिंगमध्ये मीच शिकवतो. पण ओतून झालं होतं. एवढ्याशा क्लोरीनने काय होतंय, अंडी चिवट असतात. बाईंना हवा होता म्हणून डबाभर चिखल बाजूला ठेवला. त्या आठवडाभर गावी जाताहेत.

७ मार्च
काही नाही. संयम.
बायकोने विचारलं, आंघोळ कुठे करायची. म्हटलं, विज्ञानासाठी थोडं सोसावं लागतं. ती म्हणाली, लग्न झाल्यापासून तेच करतेय. काय म्हणायचं होतं कळलं नाही. रविवारी निवांत विचारू.

११ मार्च
रविवार अहवालाचं मुखपृष्ठ करण्यात गेला. छान जमलंय.
बायको मुलीला घेऊन बहिणीकडे गेली. किती दिवस ते बोलली नाही. मीही विचारलं नाही. घर शांत. प्रयोगाला पोषक.

१४ मार्च
पाण्यात वळवळ. साहेबांना लगेच फोन केला, तळं जिवंत आहे. मग भिंगातून पाहिलं. डासांच्या अळ्या.
पुन्हा फोन करावा लागला. साहेब म्हणाले, मग 'मृत' लिहून टाका, उद्या बैठक आहे. बाई गावाहून आल्यात. म्हणाल्या, थोडं थांबा, माझा डबा कालच भिजवलाय. त्यांना समजावलं, नकारात्मक निष्कर्ष हाही निष्कर्षच असतो. सही केली. शास्त्रज्ञाने प्रामाणिक असावं.

१९ मार्च
बाई काचेची बरणी घेऊन टेबलापाशी आल्या. उजेडात धरली. आत पारदर्शक, उताणे पोहणारे इवलेसे जीव. कितीतरी.
"सर, आपल्याच तळ्यातले आहेत," म्हणाल्या.
बघत राहिलो. काहीतरी वाटायला हवं होतं. वाटलं नाही. झोप नीट होत नाहीये, त्यामुळे असेल. म्हटलं, उत्तम, पुढच्या अहवालात घेऊ.
"कसला पुढचा अहवाल? सकाळपासून तिथे मुरूम पडतोय."
बरणी टेबलावरच ठेवून गेल्या. संध्याकाळी घरी घेऊन आलो. जागा भरपूर आहे.