आसुडाचा फोटो

रवि., १० मार्च
रेहानाला छावणीतल्या तिच्या घरून घेतलं, नाथसागर जलाशय गाठला. आठवडाभर शाळेत शिकवतो, दोघींचे वर्ग शेजारी; रविवारी कॅमेरे. पाणी आणखी मागं सरलंय. उरल्यासुरल्या डबक्यात रोहित पक्षी दाटीनं. एकाचा पंख मोडलेला. कुत्र्यांनी त्याला काठावर ओढला, जिवंतच फाडला. रेहानानं दगड मारले, कुत्री हलली नाहीत. गुलाबी पिसं चिखलात. मी फोटो काढले. येताना तिला दाखवायला गेले, तर तिनं कॅमेरा ढकलला.

रवि., १७ मार्च
पिशोरच्या पुढं एक वाडी, तिथली जत्रा. पोतराजाचे फोटो काढायला गेलो. उघडाबंब, कमरेला चिंध्यांचा घागरा, स्वतःच्याच दंडावर आसूड ओढत होता. रक्त ओघळत होतं. बायको डोक्यावर देव्हारा घेऊन उभी. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "टँकर आला!" सगळी जत्रा पळाली. देव्हारा खाली टेकवून तीही, कुणाची तरी घागर उचलून. बायका एकमेकींच्या डोक्यात हंडे घालत होत्या. एकीचं कपाळ फुटलं. टँकर एकदम मागं आला. पोतराजाच्या बायकोचा पाय चाकाखाली. हाड मोडल्याचा आवाज...
तो धावला. आसूड थेट ड्रायव्हरच्या तोंडावर. मग लोकांनी ड्रायव्हरला खाली खेचलं, लाथांनी तुडवलं. त्याच्या डोळ्यातून रक्त. मी बटण दाबतच होते. रेहाना मला ओढत होती, "चल ना, मार डालेंगे अपने को!"

बुध., २०
पोतराजाला अटक. वाडीत कुणीच काही पाहिलं नाही म्हणे. ठाण्यातून फोन: "मॅडम, कॅमेरा तुमच्याकडंच व्हता. शनिवारी फोटो घेऊन या."
मधल्या सुट्टीत रेहाना म्हणाली, "उडा दे वो फोटो. गरीब आदमी है."
"आणि ड्रायव्हर काय श्रीमंत आहे?"
डबा तसाच बंद करून उठून गेली.
सोसायटीत आज टँकर नाही. चौथ्या मजल्यावरच्यांनी वॉचमनच्या कानफटात दिली. जिन्यात उभी राहून पाहिलं.

शुक्र., २२
शाळा सुटल्यावर हॉस्पिटल. ड्रायव्हर बजाजनगरचा, तिशीचा असेल. एक डोळा गेला. उशाशी त्याची आई.
"फोटू हाय ना? दाखवा."
दाखवला. उरल्या डोळ्यानं लई वेळ बघत राहिला.
"ह्याच्या आधीचा?"
"आधीचा कुठला?"
"काचेवर दगड आला ना. म्हणून मागं घेतली गाडी. मागं बाई हाय, मला काय ठाव?"
आधीचा नाही. तेव्हा मी खाली बसून देव्हाऱ्याचे फोटो घेत होते.
"दगड खरंच आला होता?"
आई उसळली, "माझं लेकरू खोटं बोलतंय व्हय?"
त्यानं तिला गप्प केलं. मग मला विचारलं, "बाईचा पाय?"
"कापला."
त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं. निघाले तरी वळला नाही.

शनि., २३, सकाळ
झोप नाही. फोटोत मारणारा दिसतो. गाडी मागं का आली, ते नाही. ठाण्यात दिला तर पोतराज आतच राहणार. नाही दिला तर ड्रायव्हरच्या डोळ्याचं काय? दगड कुणीतरी पाहिला असेलच, पण वाडी माझ्याशी बोलेल?
खाली हॉर्न. रेहाना. मी बोलावलं नव्हतं. खिडकीतून दगडाचं सांगितलं; म्हटलं, ठाण्यात जाते आहे, बहुतेक.
"बहुतेक क्या? ठाणा या वाडी, पक्का बोल. दोनों जगह जाने का पेट्रोल है."
कॅमेरा घेतलाय. चप्पल घालतेय.