स्लॅबसाठी एक फोटो

तामलवाडी, ३ एप्रिल २०२५

चि. सोमेश यास गंगम्मा आत्याचे अनेक आशीर्वाद व शरणार्थ.

तुझे पत्र पोचले. पुण्यात राहून आत्याला हाताने पत्र लिहिणारा भाचा म्हणून तुझे चार गुन्हे माफ. फोनवर मला ऐकू येत नाही, त्याला इलाज नाही.

आपल्या बालगृहाच्या नव्या इमारतीच्या भिंती उभ्या आहेत आणि वर नुसतं आभाळ. स्लॅबला साडेचार लाख हवेत. लग्नसराईत मी मांडवामांडवांत फिरले. टॉवेल-टोपीचा आहेर नको, पोरींच्या छपराला द्या म्हणाले. लोकांनी माइकवर पाच हजार, अकरा हजार अशी नावं पुकारून घेतली. त्या टाळ्यांच्या भरवशावर मी सळई मागवून बसले, आणि मांडव उतरल्यावर एकही माणूस ओळख दाखवेना. आताच्या भाड्याच्या घराची भिंत फुगली आहे, हे सरकारी तपासणीच्या बाईंना दिसतंच. मेअखेर स्लॅब टाकून झाला नाही, तर बावीस पोरींना जागा मिळेल तिथं, वेगवेगळ्या जिल्ह्यांत पाठवावं लागेल.

सोनाली आणि तिची धाकटी वैष्णवी रोज संध्याकाळी त्या उघड्या खोलीत जातात. सोनालीने विटेच्या तुकड्याने खिडकीखाली दोघींच्या झोपायच्या जागेच्या रेघा मारून ठेवल्यात. चौदा वर्षांची पोर, पण धाकटीची आईच झालीय. त्या दोघींना वेगळं करायची वेळ आली तर मी कोणत्या तोंडाने सांगू?

तू पोरींचा फोटो मागितलास. मिळणार नाही. अशा पोरींचे फोटो लोकांपुढे मांडायचे नसतात, तसा कायदाच आहे. जेवण वेळेवर कर. आत्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी आत्या,
गंगम्मा


पुणे, ९ एप्रिल

ती. आत्यांना सोमेशचा शि. सा. नमस्कार.

मदत मागणारं पान इंटरनेटवर टाकून आठवडा झाला. भिंतींचे फोटो टाकले, सळईचेही टाकले. जमले साडेसहा हजार. त्यातले दोन माझे, आणि एक घरमालकांचे, तेही मी जिन्यात वाट अडवली म्हणून.

आत्या, लोक विटांना पैसे देत नाहीत, चेहऱ्याला देतात. कायदा मलाही कळतो. पण पोरी विखुरल्यावर तो कुणाच्या उपयोगाला? एकच फोटो द्या. नाव नाही, गाव नाही, महिन्याभरात काढून टाकू. रागावलात तरी लोभ कमी करू नका.

आपला,
सोमेश


तामलवाडी, १६ एप्रिल

चि. सोमेश यास आशीर्वाद.

काल दुकानदार सळई परत न्यायला टेम्पो घेऊन आला. मी टेम्पोपुढे जाऊन बसले. वयाला शोभलं नाही, पण सळई राहिली. रात्रभर विचार केला आणि हरले.

सोबत सोनालीचा फोटो आहे. तिला विचारलं, तर छपरासाठी असेल तर काढा म्हणाली. तुळजापूरला फोटोवाल्याकडे नेलं. पोर वेणीत फुलं माळून आली होती, कॅमेऱ्यापुढे हसायला लागली. मीच म्हणाले, बाई, हसू नको, हसऱ्या पोरीला कोण पैसे देणार. ती लगेच हसायची थांबली.

तिला आईबाप नाहीत. दोन वर्षांपूर्वी चुलत्याने, बलभीमने, तिचं लग्न तिशीच्या माणसाशी ठरवलं होतं. हळदीच्या दिवशी ही धाकटीला कडेवर घेऊन पळाली. ती इथं आहे हे त्याला ठाऊक नाही. तुझं पुण्याचं पान तो कशाला बघतोय? तरी नाव-गाव लिहू नकोस. माझ्यासाठी देवाजवळ चार शब्द बोल.

गंगम्मा


पुणे, २५ एप्रिल

ती. आत्यांना शि. सा. नमस्कार.

आधी खाली बसा. पाच दिवसांत चार लाख ऐंशी हजार जमले! लोक फोटो एकमेकांना पाठवताहेत. एकजण तर पोरीच्या गावचेच निघाले. तिला कपडे द्यायचेत म्हणून पत्ता विचारला. पानावर नाही लिहिला, त्यांना तेवढा खासगीत कळवला. माणूस भला वाटला.

आता टेम्पोपुढे बसू नका, पुरणपोळी करा. आमच्या वाटणीची ठेवा, मायाही ठेवा.

आपला,
सोमेश


तामलवाडी, ४ मे

सोमेश,

तो भला माणूस बलभीम होता.

परवा दुपारी जीप घेऊन आला, बरोबर तिघे. पोरगी आमची आहे, नेणार म्हणाला. आमची स्वयंपाकीण शांतम्मा चौकटीत आडवी बसली आणि मला तुडवून जा म्हणाली. मी पोलिसांना फोन लावला. पलीकडचं काही ऐकू येईना, नुसती पत्ता ओरडत राहिले. पोलीस आले, त्याला घेऊन गेले. पण त्याला आता घर कळलंय. म्हणून बालकल्याण समितीने सोनालीला लांबच्या जिल्ह्यात हलवलं. कुठं, ते मलाही सांगत नाहीत, आणि तेच बरोबर आहे. तिथं फक्त मोठ्या मुली ठेवतात. वैष्णवी इथंच राहिली.

बहिणींची ताटातूट होऊ नये म्हणून सारा खटाटोप, आणि मी माझ्याच हाताने ती केली. वैष्णवी दारातून हलत नाही, घास घेत नाही. तुला दोष देत नाही, फोटो मी दिला. पण ते पैसे ज्याचे त्याला परत कर. त्या छपराखाली मला झोप लागायची नाही.

गंगम्मा


पुणे, १० मे

ती. आत्यांना शि. सा. नमस्कार.

पत्ता मी दिला. हे मी रोज स्वतःला सांगतो आणि काही उपयोग होत नाही. फोटो पानावरून काढला, पण लोकांच्या फोनांत गेलेला मला परत बोलावता येत नाही.

पैसे परत करायला बसलो. पहिलंच नाव एका आजींचं होतं. पोरीला पाऊस लागू नये, असं त्यांनी खाली लिहिलंय. तिथंच थांबलो. महिना संपायला वीस दिवस आहेत. उरलेल्या एकवीस पोरींचं काय करू, तुम्हीच सांगा. शिव्या घाला, पण तोडू नका.

सोमेश


१९ मे

गंगम्मा अव्वाला सोनालीचा नमस्कार.

पत्र टाकते, पर गावाचं नाव लिहू नको, असं इथल्या बाई म्हणाल्या. म्या बरी हाय. इथं भाकरी लई पातळ करतात.

तुमी पैसे परत देणार हाय, असं समितीच्या ताई सांगत होत्या. देऊ नका. फोटो माझा काढलाय, मंग पैशाचं म्या सांगते. स्लॅब टाका.

रेघांमधली माझी जागा मोकळी ठेवू नका. दुसऱ्या पोरीला तिथं झोपवा. वैशूला एकटीला झोप येत न्हाय. लाथा मारणारी पोरगी तेवढी नको.

आन तो फोटो वैशूला द्या. पर तिला सांगा, ताई त्यात रडत नव्हती. अव्वानं हसू नको म्हटलं व्हतं.

माझ्यावर माया ऱ्हाऊ द्या.

तुमची लेक,
सोनाली