उजवा देवदूत

वाकड,
८ नोव्हेंबर २०२५

ती. हरिहरकाका,

नमस्कार. वासंतीकाकूंचा गुडघा आता कसा आहे? तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून लिहिते आहे. आधी घडलं ते, क्रमाने.

१. गोव्यातल्या एका जुन्या, बरोक शैलीतल्या चर्चच्या वेदीवर दोन लाकडी देवदूत होते. उजवा वाळवीने पोखरला.
२. चाकणच्या आमच्या कंपनीने नवा करून द्यायचं काम घेतलं. डावा उतरवून मी स्कॅन केला आणि संगणकावर आरशातल्यासारखा उलटवून त्यावरून उजवा बनवला.
३. डाव्याची मान चौदा अंश पुढे झुकलेली होती, कपाळ प्रमाणापेक्षा लांब होतं. तीनशे वर्षांत लाकूड वाकलं असणार, असं धरून मी दोन्ही दुरुस्त केलं.
४. मशीनने सागवानात तो कोरला. मोजमाप अचूक आलं.
५. मंगळवारी तो जागेवर, जमिनीपासून सात मीटरवर बसवला. चुकला.

खाली उभं राहिल्यावर कळलं. तिथे सरळ काहीच नाही, काका. खांब दोरीला पीळ द्यावा तसे फिरत वर गेलेत, त्यांवर द्राक्षवेली, सगळ्यावर सोन्याचा वर्ख, आणि ते सगळं खाली गुडघे टेकलेल्या माणसाकडे झुकलेलं. माझ्या देवदूताची मात्र खालून हनुवटी आणि नाकपुड्याच दिसतात. तिथले फादर बराच वेळ वर बघत राहिले. मग म्हणाले, "ताई, डावा आमच्याकडे बघतो. तुमचा पंख्याकडे."

परतताना आमचा फिटर भीमराज म्हणाला, "मॅडम, देवदूताला पन सावधानमधी उभं केलं व्हय?" मीही हसले.

थकले आहे. साहेब म्हणतात, पुन्हा मशीनला लावू, किती झुकवायचं तेवढं सांग. मला आकडा सांगता येत नाही.

आता दुसरं.

तीन वर्षांपूर्वी तुमच्या भोसरीच्या शेडमधून आलेल्या, ओतकामाचा साचा ज्यावरून घ्यायचा त्या लाकडी पॅटर्नला मधोमध दोन मिलिमीटर फुगवटा निघाला. त्यावरून आमच्या कंपनीने तुम्हाला काम देणं बंद केलं. निर्णय वरून आला, असं मी तुम्हाला सांगितलं होतं. रिपोर्ट माझा होता. 'पॅटर्न ड्रॉइंगप्रमाणे नाही', एवढंच वाक्य. तुम्ही तेव्हा म्हणालात, "ओतलेलं लोखंड निवताना कुठं वाकतं, ते ड्रॉइंगला ठाऊक असतं का गं?"

नव्या, सपाट पॅटर्नवरून ओतलेले पहिले अकरा भाग मधोमध खचलेले आले. मी स्वतः मोजले. मग तोच दोन मिलिमीटरचा फुगवटा संगणकात घातला, आणि ती सुधारणा माझ्या नावावर लागली. तुम्हाला कळवलं नाही. चऱ्होलीला घरी येणंही त्यानंतरच थांबवलं.

हे सगळं परवा कंपनीला लेखी दिलं आहे. त्याची परतफेड म्हणून तुम्ही काही करावं, असं नाही.

देवदूताची मान कापून नवं डोकं जोडता येईल. सागवान आणून ठेवलं आहे. ते तुम्ही कोरावं, तिथेच, खाली उभं राहून बघत बघत. आम्ही २० तारखेला सकाळी निघतो. गाडीत तुमच्यासाठी जागा आहे.

याल की नाही, ते रविवार, १६ तारखेपर्यंत कळवा. नाही असेल, तर तेही कळवा.

तुमची पुतणी,
अनुया