गल्लीवरची वायर

॥ श्री ॥

वांकिडी
ता. ११ एप्रिल १९९९

प्रिय दादास,

मनकर्णाचा नमस्कार. आमी इकडं खुशाल आहो, तुमी सगळे चंद्रपूरले खुशाल असान. वहिनीच्या गुडघ्याले आराम आहे का? बसवाल्याजवळ कैऱ्या पाठवल्या, त्या लोणच्याच्या आहे, तू येताजाता मीठ लावून संपवू नको.

तुझं पत्र भेटलं. दोन दिवस इथं त्याच्यावरच चर्चा चालली. तू म्हटलं का तुझ्या कॉम्प्युटर क्लासमधली जुनी पेंटियम घे, रॅम जास्त आहे, तिच्यात दोन खिडक्या उघडून दोन खेळ येगयेगळे बसवता येते, एक अडकला तरी दुसरा चालत राह्यते. एका पेटीत दोन मशिनी राह्यल्यासारखं. मले ते पटलं. पण इथं मोठ्यायनं ठरवलं का तिच्या ऐवजी तुझ्याजवळच्या त्या दोन जुन्या फोर-एटी-सिक्स घ्याच्या. स्वस्तात पडते अन् मशिनी दोन दिसते. गाड्यायच्या शर्यतीचा खेळ आमच्या समोरच्या खोलीत, अन् गोळीबाराचा गल्लीपलीकडं चंपतरावायच्या घरी. चंपतराव म्हणजे माझे भासरे, यायचे मोठे भाऊ, तुले ठावच आहे. दोन्ही घरचे कॉम्प्युटर एकाच वायरवर पायजे, म्हणून ती काळी गोल वायर गल्लीवरून टाकली. कपडे वाळू घालाच्या तारेच्या थोडी वर आहे. एका म्हशीनं शिंग लावलं होतं, पण तुटली नाई.

खेळाचा धंदा चालते मात्र जोरात. उन्हाळ्याच्या सुट्ट्या, पोरं दुपारभर हटत नाई. तेलुगू शाळेतली पोरं आमच्या घराले 'आटल इल्लू' म्हणते, खेळाचं घर. ज्या मशिनीत खेळ ठेवते तिले सर्वर म्हणते हे मी जाऊबाईले, चंपतरावायच्या देवकाबाईले सांगतलं, तर ती म्हणते, "सर्वर ठेवला तर त्याले जेवाले कोणी घालाचं? आपुनच का?" इकडं सर्वर म्हणजे हॉटेलात वाढणारा. मी हसून हसून खाली बसली. बिचारी खरंच पोळ्यायचा हिशोब करत होती.

आता कामाचं. दादा, कॉम्प्युटरच्या डब्याले हात लावला का झिणझिण करते. तुझा डबा वाईट आहे असं मी म्हणत नाई, रागावू नको. पण पहिले आमच्या घरच्याच तीन मशिनी होत्या, तेव्हा असं होत नोतं. वायर पलीकडं गेली तवापासून होते. हे म्हणते, चप्पल घालून बस. आता मी पोरायच्या मांगं चप्पल घेऊन धावते, घाला रे घाला म्हणून. लोकायले वाटते मी मारते.

पॉवर सप्लाय बदलवून पाहू का? का दुसरा डबा पाठवतो? का वायर खोचाच्या त्या स्वस्तातल्या कार्डाचाच काही दोष असन? तू जे म्हणशीन ते करू. भासऱ्यायच्या घरच्या लाईटीचं मले काही सांगता येत नाई, मी तिकडं जास्त जात नाई.

लवकर लिव. मी भेवाडी आहे हे तुले ठाव आहे, पालीले पाहून पलंगावर चढणारी. पण हे तसलं भेव नोहे.

तुझी
मनकर्णा


वांकिडी
ता. २७ एप्रिल १९९९

प्रिय दादास,

नमस्कार. तुझं पत्र कालच आलं. वहिनीले म्हणा लोणचं एकटीनं खाऊ नको. इकडं ऊन असं पडून राह्यलं का हापशीचं पाणीही गरम येते. यायच्या मावसबहिणीचं लग्न झालं राजुऱ्याले, जेवणात वडे चांगले होते, नवरदेव जरा बुटका आहे.

तू एकच गोष्ट तीन खेपा विचारली. पलीकडच्या घरी न्यूट्रल आहे का.

नाई.

लिवलं, आता सगळंच लिवते. होळीच्या आधी त्यायच्या खांबावरचा न्यूट्रल, करंट परत नेणारी तार, जळला. लाइनमनचा पत्ता नाई. मंग भासऱ्यायनं घरामांगं लोखंडी रॉड ठोकला, अन् त्याच्यावरच लाईट घेतली. अर्थिंगवर. इकडं कितीतरी घरी असंच चालते, कोणाले त्याचं काही वाटत नाई. उन्हानं जमीन सुकली का बल्ब मंद होते, म्हणून देवकाबाई रोज दिवेलागणीले रॉडजवळ बादलीभर पाणी टाकते. पाणी पडलं का घरात उजेड येते. ती खुश होऊन म्हणते, "पाय वं, झाडाले पाणी घातल्यासारखं फुलते." मी तिच्या संगं हसते अन् तिच्या उघड्या पायाकडं पाह्यते.

तू लिवलं तेच झालं असन. त्यायच्या घरचा करंट जमिनीत जाताना पुरा जात नाई, अन् त्याले आपल्या वायरच्या आतल्या तारेच्या जाळीतून आमच्या घराचा सोपा रस्ता भेटते. कार्डाचं वायर खोचाचं पितळ डब्याले टेकलेलं आहे, तेही मी टॉर्च लावून पाह्यलं. तुझा डबा चांगला आहे, दादा. मीच उगाच त्याच्यावर आळ घेतला.

परवा मले बसला. नुसतं झिणझिण नोहे, धक्का. मांगून वायर खोचाले गेली तं हात असा उडाला का टेबलावर आपटून दोन बांगड्या फुटल्या. पोरं हसली, त्यायले वाटलं मी नाचली. यायचं तोंड मात्र पांढरं पडलं. सवाशिणीची बांगडी फुटली म्हणून देवकाबाईनं लगेच देवाजवळ दिवा लावला, अर्थिंगवर नोहे, तेलाचा. बांगडी फुटली याचं सगळ्यायले भेव वाटलं. काऊन फुटली हे कोणी विचारलं नाई.

तू म्हणतो, चंपतरावाले सरळ सांग, वायर काढ म्हणा. दादा, तुमी माणसं असं कसं लिवता रे? भासऱ्यायसमोर मी डोक्यावरचा पदर पडू देत नाई, ते बसले असले तर त्या खोलीतून जात नाई. लगन होऊन आली तवापासून त्यायच्यासंगं एक शब्द बोलली नाई. त्यायले काय म्हणाचं ते नावच माझ्याजवळ नाई. काही सांगाचं असलं तर मी भिंतीकडं तोंड करून म्हणते, "कोणी सांगा वं, पाणी तापलं." अन् भिंत सांगते.

तरी मी जाऊबाईच्या हातानं निरोप दिला. त्यायनंही तिच्याच हातानं उत्तर पाठवलं, "कॉम्प्युटरचा कोर्स केला तं लाईटीचाही झाला का म्हणा." यायले म्हटलं, तर हे मान हलवते. हलवते अन् भावासमोर गेले का मुके होते. वाईट माणसं नाई रे ती. यायचा बाप लहानपणीच गेला, तेव्हा चंपतरावायनं शाळा सोडून यायले शिकवलं. त्यायच्या समोर तुमचं चुकते असं कोण म्हणन?

तूच ये. नाई तर तूच लिव त्यायले. अन् ती पेंटियम कोणाले देऊ नको. ती आली तर दोन्ही खेळ आमच्याच खोलीत बसते, मंग गल्लीवरून वायर न्याचं कामच नाई राह्यत. मी सगळ्यायले असं सांगीन का पेंटियमवर गोळ्या फास्ट सुटते. तेवढ्यानं ऐकन सगळे.

लवकर कर दादा. मले सकाळी उठल्यापासून भेव वाटते, अन् पोरं आली का जास्त वाटते.

तुझी
मनकर्णा


वांकिडी
ता. १३ मे १९९९

तीर्थरूप चंपतराव भाऊजी यायच्या सेवेशी,

मनकर्णाचा शिरसाष्टांग नमस्कार. तुमच्या दोन्ही हातायले पट्ट्या आहे, म्हणून हे पत्र माझा दादा सुधाकर दवाखान्यात येऊन वाचून दाखवीन. हे, तुमचे धाकटे भाऊ, तिथंच तुमच्याजवळ आहे, पण यायले वाचाले दिलं तर हे मधातले शब्द गाळते.

इकडं सगळे बरे आहे. गाय व्याली, गोऱ्हा झाला. तुमचं दुकान बापूजी, देवकाबाईचे भाऊ, पाहून राह्यले. पोरं दारात येऊन विचारते, मी परत पाठवते. कॉम्प्युटरवर चादर टाकली आहे. गल्लीवरची वायर मी दोन्हीकडचं बंद करून विळ्यानं कापून टाकली. तुमाले न विचारता कापली, मंग रागवा.

भाऊजी हा शब्द मी वर लिवला, तो लिवाले मले पुरी दुपार लागली. पत्रात मायना लिवाच लागते, म्हणून जमलं. तोंडानं जमलं नसतं. तुमी ऐकताना तोंड फिरवू नका.

डॉक्टर सोमवारी सांगणार का डाव्या हाताची बोटं राह्यते का नाई. मी सोमवारपर्यंत काय करू ते मले समजत नाई. स्वयंपाक करते, मीठ दोनदा घालते.

त्या दिवशी काय झालं ते मी तुमाले सांगते, कारण तुमी यायले म्हटलं म्हणे, "मी तिचं वरडणं आयकलं होतं, पण मले वाटलं ते तुले आहे."

खेळ बंद पडला होता. या वायरचं असंच आहे, कुठं एक जोड ढिला झाला का सगळ्याच मशिनी बंद. पोरं वरडून राह्यली होती. तुमी तुमच्या भिंतीजवळ स्टुलावर चढून मधातला जोड पाह्यत होते, अन् इकडं हे आमच्या खोलीत मशिनीमांगचं पितळ हलवत होते. मी त्या पितळाले टेस्टर लावला. लावल्याबरोबर त्यातला दिवा पेटला, असा पेटला का खांबाच्या तारेले लावला असन. मी यायचा हात धरून ओढला. खिडकीतून पाह्यलं तर तुमी जोड फिरवून उघडत होते. एक टोक एका हातात, दुसरं दुसऱ्या हातात जाणार. तो जोड सुटला का सगळा करंट तुमच्या छातीतून जाणार, हे मले दिसलं भाऊजी, पाटीवर लिवल्यासारखं दिसलं.

मी वरडली, "अहो, सोडा! अहो, हात लावू नका!"

तुमी वर पाह्यलं. खिडकीकडं पाह्यलं, मी दिसली म्हणून लगेच मान खाली घातली, जशी नेहमी घालता. अन् जोड उघडला.

मंग मी तुमच्या घरी कशी आली ते मले सांगता येत नाई. डोक्यावर पदर नोता, पायात चप्पल नोती. आमचं मेन बंद करून उपयोग नोता, करंट तुमच्या घरचा होता. देवकाबाई दारात उभी राहून वरडत होती, तिले ढकलली अन् मीटरजवळचा फ्यूजचा कटाऊट ओढून फेकला. बाहेर तुमी पडल्याचा आवाज आला. तेव्हा मले वाटलं, मेले. मी खोटं काऊन बोलू? मले वाटलं मी गेलेल्या माणसासाठी लाईट बंद केली.

देव पावला. बोटायचं मात्र अजून माहीत नाई.

आता ज्याच्यासाठी लिवून राह्यली ते. काल दुपारी तुमच्या घरातून पंख्याचा आवाज आला. बापूजीनं रॉडची वायर परत जोडली. घरात अंधार, उकाडा, त्यायचंही खरं आहे. मी देवकाबाईले म्हटलं, काढा. ती म्हणते, "मालकायनं स्वतःच्या हातानं बसवलं, त्यायले न विचारता मी कशी काढू?" बापूजीले म्हटलं. होय, बापूजीसंगं मी आता बोलते, लाज कधीचीच गेली. ते म्हणते, आता गल्लीवरची वायर तर नाई, मंग कायचं भेव? भेव आहे भाऊजी. बाई दिवेलागणीले बादली घेऊन जाते, ओल्या मातीत उघड्या पायानं उभी राह्यते, अन् रॉडच्या अंगावर पाणी टाकते. आज मी तिच्या हातची बादली हिसकली. उद्या मी विहिरीवर असीन तेव्हा कोण हिसकन? ती कोणाचंच ऐकत नाई, तुमचंच ऐकते. तुमी एक निरोप द्या. दादा लिवून घेईन, खाली तुमचा अंगठाही नाई लागला तरी चालन, बाई ओळखन.

अन् यायले तुमी जे म्हटलं, ते मनातून काढून टाका. यायच्यासाठी मले वरडाचं काम नोतं. यायचा हात तर मी आधीच माझ्या हातानं ओढला होता, हे माझ्या बाजूलेच उभे होते. मले तुमचं नाव घेता येत नोतं, भाऊजी म्हणता येत नोतं, जे तोंडात होतं तेच निघालं. ते अहो तुमाले होतं.

आताही तुमालेच म्हणते. अहो, तो रॉड काढाले सांगा.

तुमच्या घरची धाकटी,
मनकर्णा